अकस्मात भार

कोयनेच्या जलविद्युत् प्रकल्पाची थोरवी सांगताना आपण बहुधा त्याच्या आकाराचे आकडे पुढे करतो. धरणाची उंची १०३ मीटर आणि लांबी ८०७ मीटर, शिवसागर जलाशयाची आजची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट, चारही टप्पे आणि धरणपायथ्याचे वीजगृह मिळून होणारी स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट, हे आकडे पाटण तालुक्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात आणि त्यांचा त्यांना अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तथापि ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात बसून साऱ्या महाराष्ट्राच्या विजेचा क्षणाक्षणाचा हिशेब राखणाऱ्या अधिकाऱ्याला कोयनेचे मोल वाटते ते तिच्या तत्परतेमुळे. कोळशावर चालणारे केंद्र थंड असताना पेटवून पूर्ण भाराला आणायचे म्हणजे कित्येक तासांचे काम. कोयनेचा संच मात्र हुकूम मिळाल्यापासून काही मिनिटांत फिरू लागतो आणि जाळ्याला जोडला जातो. दिवेलागणीला मागणीचा आलेख एकदम उभा चढू लागला, की पोफळीच्या डोंगराच्या पोटातील ही यंत्रे हाताशी असावी लागतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली असल्यामुळे ती अहोरात्र चालविण्याची मुभा नाही. ते पाणी जपून, नेमक्या निकडीच्या वेळी खर्च करावे लागते.

भार किती आहे हा एक प्रश्न, आणि तो किती वेळात आला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागदावर बेरीज करून देता येते; दुसऱ्याचे उत्तर देताना भल्याभल्या व्यवस्थांची परीक्षा होते. २०२० सालच्या ५ एप्रिलला रात्री ९ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवण्याचे आवाहन देशभर झाले, तेव्हा वीजक्षेत्रातील लोकांना घोर लागला होता तो याच दुसऱ्या प्रश्नाचा. त्या रात्री देशाची मागणी पाहता पाहता सुमारे ३१ हजार मेगावॉटांनी खाली आली आणि दिवे पुन्हा लागताच वर चढली. तो उतार आणि तो चढ मुख्यत्वे जलविद्युत् केंद्रांनी अंगावर घेतला, आणि ५० हर्ट्झ ही जाळ्याची मुकरर वारंवारता ४९.७ ते ५०.२६ यांच्या दरम्यान राहिली. सामान्य माणसाला त्या रात्री काहीच घडले नाही असे वाटले, यातच त्या कामगिरीचे सारे यश आहे.

हा विषय माझ्यापुढे आला तो मात्र कोणत्याही वीजगृहातून आला नाही. कोयनानगरच्या वसाहतीतील एका खोलीतून, कराडला पदविकेचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाच्या नव्या संगणकातून आला. लाखाच्या आतबाहेर खर्च करून, एकेक सुटा भाग स्वतः निवडून, त्याने कराडच्या बाजारपेठेतील एका दुकानातून हे यंत्र जुळवून घेतले होते. लिखापढी, चित्रपट, आज्ञावली लिहिण्याचे काम, यांपैकी कशालाही ते हरकत घेत नसे. गेम सुरू केला, की काही मिनिटांत पडदा काळा होई, पंखे थबकत, पेटीच्या मागच्या अंगाने ‘टक्’ असा बारीक आवाज येई आणि यंत्र आपले आपणच पुन्हा सुरू होई. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगण्यासारखी आहे. “काका, अभ्यासाचं काम दिवसभर करा, काय बी होत न्हाई. गेम लावला की अंधार. परत चालू हुतंय आपोआप, पन तोवर टीममधली पोरं पुढं निघून गेल्याली असत्यात, आन् शिव्या मला खायला लागत्यात.”

दुकानदाराने प्रथम विंडोज नव्याने टाकून दिले. त्याने फरक पडेना, तेव्हा रॅम बदलून दिली. तिनेही काही झाले नाही, तेव्हा मदरबोर्ड कंपनीकडे पाठवावा लागेल, महिना लागेल, असे सांगितले. या तिन्ही उपायांमागे कोणताही पुरावा नव्हता. सुटे भाग अंदाजाने बदलीत जाण्याची ही रीत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे, की तिलाच दुरुस्ती म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तिच्यात पैसा जातो तो जातोच, पण त्याहून मोठी हानी अशी, की दोष योगायोगाने नाहीसा झाला तरी तो का झाला होता हे कोणालाच कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला म्हणजे तोच खेळ आरंभापासून मांडावा लागतो.

त्या मुलाचे भाग्य असे, की त्याच्या शेजारी पोफळीच्या वीजगृहात नोकरीची हयात घालवलेले एक निवृत्त तंत्रज्ञ राहतात. सारी वसाहत त्यांना नाना म्हणते. गेमिंगच्या संगणकाशी त्यांचा आजवर संबंध आलेला नव्हता, परंतु भार येताच बंद पडणारे यंत्र त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : “बंद पडतं आणि पडूनच राहतं, का आपलं आपण उठतं?” या एका प्रश्नात अर्धा तपास सामावलेला आहे, हे मला पुढे उमगले. संगणकाला वीज पुरविणारी जी पेटी असते, जिला बाजारात सरसकट एसएमपीएस म्हणतात, तिच्यात अतिप्रवाह, अतिभार, अतिउष्णता, अशा आपत्तींपासून बचावाची साधने असतात. ती एकदा पडली की बहुतेक पेट्या कुलूप लागल्यासारख्या बंद होतात आणि मागचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज उठत नाहीत. यंत्र आपोआप उठत असेल तर प्रकार निराळा. आपल्याकडून जाणारा वीजदाब मर्यादेत आहे अशी ग्वाही ही पेटी मदरबोर्डाला एका स्वतंत्र तारेवरून अखंड देत असते. ती ग्वाही क्षणभर जरी खंडित झाली, तरी मदरबोर्ड सारे कामकाज तत्काळ थांबवितो आणि ती परत मिळताच पहिल्यापासून आरंभ करतो.

परंतु एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरले असते. भाराखाली पुन्हा सुरू होणाऱ्या संगणकाविषयी संशयित तीन असतात : वीज, उष्णता, आणि स्मृती (रॅम) किंवा प्रक्रियक (सीपीयू) यांची अस्थिरता. तिघांचीही रीतसर चौकशी व्हावयास हवी.

विंडोजचे स्वतःचे एक दप्तर असते. त्यात प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद होते. तेथे प्रत्येक प्रसंगापाठोपाठ ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी नोंद सापडली. या नोंदीचा अर्थ पुष्कळ लोक ‘वीजपुरवठ्यात बिघाड’ असा लावतात, तो बरोबर नाही. मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. आणि तेही पुन्हा सुरू झाल्यावर, मागाहून. महत्त्वाचा असतो तो तिच्या तपशिलातील दोषसंकेताचा आकडा. तो येथे शून्य होता, म्हणजे विंडोजला स्वतःला कोणताही दोष आढळण्यापूर्वीच त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेली होती. दोष दाखविणारा निळा पडदा दिसण्याआधीच यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर ‘आपोआप पुन्हा सुरू करा’ ही सवलत काढून टाकावी लागते. तीही काढून पाहिली, निळा पडदा आला नाही. प्रक्रियकाने स्वतःहून कळवलेल्या यांत्रिक चुका ‘व्हीआ-लॉगर’ या नावाखाली नोंदल्या जातात. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रक्रियकांत वाजवीपेक्षा अधिक वीजदाबामुळे कायमची अस्थिरता येत असल्याचे जाहीर झाले, आणि कंपनीला सुधारित मायक्रोकोड व वाढीव हमी द्यावी लागली, त्या वेळी या नोंदी पाहण्याची सवय जगभरच्या लोकांना लागली. येथे तशी एकही नोंद नव्हती.

उष्णतेचा प्रश्न त्या मानाने लवकर निकालात निघाला. आजचे प्रक्रियक तापू लागले की आधी आपला वेग कमी करतात; अगदी टोकाची पायरी म्हणून ते यंत्र बंद करतात, आणि तसे बंद झालेले यंत्र सहसा आपण होऊन उठत नाही. गेम चालू असताना प्रक्रियक ७८ अंशांवर आणि ग्राफिक्स कार्ड ७१ अंशांवर होते. स्मृतीची तपासणी मेमटेस्ट ८६ या आज्ञावलीने रात्रभर करण्यात आली, तीत एकही चूक निघाली नाही. शिवाय रॅमचा वाढीव वेग, ज्याला एक्सएमपी म्हणतात, तो काढून तिला मूळ वेगावर ठेवून पाहिले. यंत्र पूर्ववत् पडतच राहिले.

येथून पुढे नानांनी जे केले ते आपल्या नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाच्या रीतीला धरून होते. कारण असेल तेथे कार्य असले पाहिजे हा अन्वय, आणि कारण काढून घेतले की कार्य नाहीसे झाले पाहिजे हा व्यतिरेक. दोहोंची रुजवात पटल्याखेरीज कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. प्राइम९५ चालवून एकट्या प्रक्रियकावर पूर्ण भार टाकला, यंत्र तगले. फरमार्कने एकट्या ग्राफिक्स कार्डावर टाकला, तगले. दोहोंवर एकदम टाकला आणि पडदा काळा झाला. मग कार्डाला मिळणाऱ्या विजेची मर्यादा ७० टक्क्यांवर आणून तोच दुहेरी भार पुन्हा टाकला, तेव्हा यंत्र सुखरूप राहिले. मर्यादा पूर्ववत् केली, पुन्हा अंधार. गेममध्ये चित्रांची गती सेकंदाला ६० वर बांधून घातली, तर तो मुलगा संध्याकाळभर विनाव्यत्यय खेळला. एव्हाना संशयाची सुई एकाच पेटीकडे वळली होती. पण त्या पेटीवर तर ठळक अक्षरांत ‘६५० वॉट’ असे छापलेले, आणि मुलाने केलेली बेरीज अशी : कार्ड २५० वॉट, प्रक्रियक जास्तीत जास्त १४०, बाकी सारे मिळून ६०, एकूण ४५०. म्हणजे दोनशे वॉट शिलकीत. “नाना, ह्यात चूक कुठं हाय सांगा की,” असे तो म्हणाला, आणि त्याची बेरीज खरोखर बिनचूक होती.

नानांनी ती पेटी बाहेर काढायला लावली आणि तिच्या कुशीवरचे लेबल उजेडात धरले. अशा लेबलावर एक कोष्टक असते आणि ते वाचण्याची तसदी विकणाराही घेत नाही, विकत घेणाराही घेत नाही. पहिल्या ओळीत वीजदाब : ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट. दुसऱ्या ओळीत त्या त्या दाबावर मिळणारा प्रवाह अँपिअरमध्ये. आजच्या संगणकात प्रक्रियक आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खाणारे आपली जवळजवळ सारी वीज १२ व्होल्टांवरूनच घेतात, ३.३ आणि ५ व्होल्टांना पूर्वीइतके काम राहिलेले नाही. येथे १२ व्होल्टांच्या रकान्यात आकडा होता ३८. अडतीस गुणिले बारा म्हणजे ४५६ वॉट. ठळक अक्षरांतले ६५० हे तिन्ही रकान्यांची बेरीज करून आलेले होते, आणि त्यातील जो भाग या यंत्राला उपयोगी नव्हता त्याचेही दाम त्या मुलाकडून वसूल झालेले होते. मागणी ४५० आणि पुरवठा ४५६, हे कसेबसे जमले असते. पण भार अकस्मात येतो तेव्हा बेरीज-वजाबाकीचा हिशेब पुरा पडत नाही.

ग्राफिक्स कार्डाचे २५० वॉट ही सरासरी असते. पडद्यावर एखादा स्फोट व्हावा, धूर उठावा, दृश्य एकदम पालटावे, अशा वेळी त्यातील अब्जावधी स्विचे एकदम कामाला लागतात आणि काही मायक्रोसेकंदांपासून काही मिलिसेकंदांपर्यंत ते कार्ड आपल्या सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकते. हे ध्यानात आल्यामुळेच २०२२ साली इंटेलने एटीएक्स ३.० हे जे नवे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यात अशा मोठ्या पेटीने आपल्या घोषित क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे अशी अट घातली. दुप्पट म्हणजे या कार्डाचे ५००, त्यात प्रक्रियकाचे १४०. आणि पेटीजवळ बारा व्होल्टांवर अवघे ४५६. त्या क्षणी बारा व्होल्टांचा दाब खचतो. जुन्या एटीएक्स प्रमाणाप्रमाणे तो ११.४ च्या खाली जाता कामा नये. नानांच्या मल्टिमीटरने निवांत असताना १२.१ आणि भाराखाली ११.५ दाखविले, मल्टिमीटर सरासरी दाखवितो, तेव्हा जेथे सरासरीच ११.५ होती तेथे क्षणिक खळगा किती खोल असेल याचे अनुमान सहज करता येते.

या ठिकाणी नानांनी जे स्पष्टीकरण दिले ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. शिवसागरातून निघालेला बोगदा सह्याद्रीच्या पोटातून कित्येक किलोमीटर जातो आणि मग पाणी नळांतून शेकडो मीटर खाली पोफळीच्या यंत्रांवर कोसळते. वीजगृहात एकदम भार वाढला की पेल्टन चक्रावर झोत सोडणाऱ्या तोटीची सुई मागे सरते आणि अधिक पाणी मागितले जाते; परंतु बोगद्यातील पाण्याचा तो प्रचंड स्तंभ हुकमासरशी वेग घेऊ शकत नाही, त्याला अवधी लागतो. तो अवधी भरून काढण्यासाठी बोगद्याच्या शेवटी डोंगरात एक उभी विहीर खोदलेली असते, तिला तेथील लोक सर्ज वेल म्हणतात. मागणी वाढताच तिच्यातले पाणी उतरते आणि यंत्रांना मिळते, तोवर मागचा प्रवाह येऊन पोहोचतो. मागणी एकाएकी तुटली तर धावत्या पाण्याचा धक्का तीच पोटात घेते आणि तिची पातळी चढते. संगणकाच्या वीजपेटीत हे काम विजेच्या साठ्याची डबडी, म्हणजे कपॅसिटर, करतात. भिंतीतून येणारी वीज एका आवर्तनाला २० मिलिसेकंद घेते; त्या आवर्तनातील ओसरत्या क्षणांत संगणक चालतो तो कपॅसिटरातील साठ्यावर. स्वस्त पेटीत काटकसर होते ती बहुधा येथेच. सर्ज वेल लहान खोदली तर भाराच्या झटक्याला तिचा तळ उघडा पडेल, हे पोफळीतील कोणाही तंत्रज्ञाला सांगावे लागत नाही; नानांनी पेटीच्या जाळीतून बॅटरी मारून आतले मुख्य डबडे पाहिले आणि एवढेच म्हटले, “विहीरच बारकी हाय, पोरा.”

अकस्मात भाराचा कोयनेला आलेला सर्वांत दारुण अनुभव १९६७ सालचा. ११ डिसेंबरच्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनेची वीज बंद पडून मुंबईचे कारखाने थांबले. धरणाच्या रचनेत भूकंपासाठी गृहीत धरलेला आडवा भार गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के होता. धरणातच बसविलेल्या यंत्राने त्या पहाटे नोंदविलेली त्वरणे त्याच्या कितीतरी पट होती, एका दिशेला तर गुरुत्वाच्या ६३ टक्क्यांपर्यंत. धरणाच्या उंच भागांतील काही खंडांना तडे गेले, तेही जेथे धरणाच्या खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो नेमक्या त्या उंचीवर. परंतु धरण उभे राहिले, आणि पुढे त्या खंडांना मागून टेकू बांधून ते बळकट करण्यात आले. हिशेबात धरलेल्या भाराच्या कित्येक पटींनी मोठा भार काही सेकंदांकरिता येऊनही ते तगले, याचे श्रेय त्याच्या बांधणीत राखलेल्या शिलकी सामर्थ्याला द्यावे लागते. ज्या वसाहतीतील वडीलधाऱ्यांनी ती पहाट पाहिली आहे, तेथे शिलकी सामर्थ्य हा शब्द पुस्तकी वाटत नाही.

संगणकाच्या तपासात आणखी एक बाब उघड झाली. त्या मुलाचे निरीक्षण असे होते, की पहाटे उठून गेम खेळले तर यंत्र बराच वेळ तग धरते आणि संध्याकाळी सातनंतर लगेच पडते. घरच्यांनी ही मनाची समजूत म्हणून सोडून दिली होती. नानांनी मात्र ती साक्ष म्हणून नोंदवून घेतली आणि भिंतीतील सॉकेटचा दाब दोन्ही वेळांना मोजला. पहाटे २३२, संध्याकाळी १९८. विजेच्या माहेरी राहणाऱ्यांनाही हे चुकत नाही, कारण पोफळीची वीज धरणाखालच्या घरांत परस्पर येत नाही. ती उच्चदाबाच्या जाळ्यात जाते आणि सर्वांसारखीच उपकेंद्र, डीपी आणि खांब असा प्रवास करून परत येते. ज्या घटकेला कोयनेचे संच पूर्ण भाराने फिरत असतात त्याच घटकेला वाहिनीच्या शेवटच्या घरातील दाब उतरलेला असतो. चांगल्या पेटीत दाबाची ही घट सावरणारी योजना असते. या पेटीत ती नव्हती, तिच्या मागे ११५ आणि २३० असे जुने सरकते बटण होते. आणि कपॅसिटरातील साठा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे १९८ व्होल्टांवर तो २३० च्या तुलनेने चौथ्या हिश्श्याने कमी भरत होता. आधीच लहान असलेली विहीर संध्याकाळी पाऊणच भरलेली असे, आणि खेळ तर नेमका तेव्हाच रंगात येई.

सॉकेट तपासताना अर्थिंगही तपासले गेले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एकदोन व्होल्टांहून अधिक फरक असू नये. येथे तो १८ निघाला. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडत असला, तरी खालचा काळा कातळ विजेला सहजी वाट देत नाही, आणि कोळसा-मीठ घालून केलेल्या जुन्या खड्ड्यातील मीठ तोच पाऊस वर्षांमागून वर्षे धुऊन नेतो. यंत्र पडण्याचे कारण हे नव्हते, पण जीव जाण्याचे होऊ शकले असते. धातूची पेटी, ओली हवा आणि निकामी अर्थिंग हा योग गेम बंद पडण्यापेक्षा फार गंभीर आहे. वायरमनला बोलावून तो खड्डा नव्याने भरून घेण्यात आला, आणि मला विचाराल तर त्या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचे काम तेच झाले.

शेवटची खातरजमा राहिली होती. वसाहतीतल्याच एका मित्राची चांगली पेटी एका दिवसापुरती मागून आणली आणि बसविली. दुहेरी भार, पूर्ण मर्यादा, संध्याकाळची वेळ, यंत्र ढिम्म हलले नाही. येथे बहुतेक लोक थांबतात. नानांनी जुनी पेटी पुन्हा बसवायला लावली. मुलाला ते व्यर्थ वाटले, पण त्यांचे म्हणणे असे, की पेटी बदलताना सगळ्या तारा नव्याने खोचल्या जातात, आणि एखादी तार सैल असल्यामुळे दोष आला असेल तर तोही त्यातच बुजून जातो. जुनी पेटी, घट्ट खोचलेल्या तारा, आणि काही मिनिटांत पडदा काळा. आता शंकेला जागा उरली नाही. त्याच तपासात असेही आढळले, की दुकानात कार्डाच्या दोन्ही जोडण्यांना एकाच तारेची दोन तोंडे लावलेली होती. आठ पिनांच्या एका जोडणीसाठी १५० वॉटांचे प्रमाण असताना सारा भार एका तारेवर टाकणे गैर होते. नव्या पेटीपासून कार्डापर्यंत दोन स्वतंत्र तारा नेल्या गेल्या.

नवी पेटी घेताना त्या मुलाने ठळक आकड्याकडे पाहिले नाही. दुकानदाराला त्याने बारा व्होल्टांच्या रकान्यातले अँपिअर विचारले, ते उत्तर मिळेना तेव्हा खोका उघडून स्वतः वाचले : ६२, म्हणजे ७४४ वॉट. ‘८० प्लस’ हा शिक्का पाहून समाधान मानू नये हेही त्याला आता ठाऊक होते. तो शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते एवढेच सांगतो, झटका सोसण्याविषयी काहीही सांगत नाही. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सुरक्षिततेची असते, तीही हवीच, पण घोषित वॉट खरे असल्याचा तो दाखला नव्हे.

अशा मुलांविषयी वडीलमंडळींचा सूर नापसंतीचा असतो, आणि रात्र रात्र पडद्यापुढे बसण्याविषयी ती असावीही. परंतु ज्या मुलाने आपल्या यंत्राचा दोष दप्तरातील नोंदीपासून भिंतीतील सॉकेटापर्यंत पुराव्याने शोधून काढण्यात मनापासून भाग घेतला, वेळांची नोंद ठेवली, आणि वृद्ध शेजाऱ्याच्या अनुभवाला मान दिला, त्याने अभियांत्रिकीचा जो पाठ गिरवला तो त्याच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात कोठेही इतका सलग मिळाला नसता. कोयनेच्या बोगद्यांत ज्यांनी हात राबविले त्यांची नातवंडे आज अशा यंत्रांपुढे बसलेली आहेत. त्यांचे कुतूहल उथळ समजून उडवून लावणे हा अन्याय आहे.

या दिवाळीत ज्यांच्या घरी असे यंत्र येणार असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पैसे मोजण्यापूर्वी वीजपेटीच्या कुशीवरचे कोष्टक वाचा, बारा व्होल्टांखालचा आकडा बाराने गुणा, आणि तो गुणाकार कार्डाच्या दुपटीत प्रक्रियकाचे वॉट मिळवून येणाऱ्या आकड्याहून मोठा असल्याखेरीज ती पेटी घेऊ नका. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस मध्ये घातला असेल तर पहिली चाचणी तो काढूनच करा, कारण त्याची खरी झेप साडेतीनशे वॉटांच्या आसपासच असते. बिल जपून ठेवा. आणि संगणक टेबलावर मांडण्याआधी वायरमनला बोलावून भिंतीतील सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या. त्याला अर्धा तास पुरतो.